नौबादची फियाट

जयतीर्थाने बायकोला ‘हो’ म्हटलं ते मद्रासजवळच्या शोलावरमला, भर उन्हात, दोरीला टेकून उभं असताना. जुन्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती चालल्या होत्या. अन्नपूर्णेचा धाकटा भाऊ गुरुराज मद्रासच्या एका कारखान्यात होता, तोच त्यांना दाखवायला घेऊन आला होता. मोठमोठ्या आवाजाच्या गाड्या संपल्यावर बायकांची शर्यत लागली. घरच्याच गाड्या, नुसते बंपर काढलेले; चालवणाऱ्या कॉलेजातल्या मुली आणि संसारी बायका. अन्नपूर्णा ती शर्यत संपेपर्यंत दोरीवरून वाकून बघत होती. मग म्हणाली, “अहो, पुढच्या वर्षी मी उतरू का ह्यात?”

गुरुराज हसला आणि मेहुण्याकडे बघत राहिला. त्या बघण्यानेच घात केला. बायकोला अडवणाऱ्यांतला मी नव्हे, हे दाखवायच्या नादात जयतीर्थ बोलून गेला, “उतर की. कामून उतरू नयेस?”

बिदरला परतायच्या आगगाडीत बसल्यापासून त्याला त्या शब्दांचा घोर लागला.

स्वभावच तसा होता त्याचा. बिदरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. एसटी दहाची असली तर नऊला स्टँडवर; घरातून निघताना कुलूप ओढून बघायचा, गल्लीच्या टोकावरून परत येऊन पुन्हा ओढायचा. अन्नपूर्णा अगदी उलटी. तिचे वडील अच्युतराव संतपूरला सरकारी डॉक्टर होते. त्यांची नजर मंदावली, पण आजूबाजूच्या खेड्यांत जाणं काही सुटत नव्हतं. तेव्हा सोळा वर्षांच्या अन्नपूर्णेने जीपचं चाक हातात घेतलं. पावसाळ्यात औरादकडच्या काळ्या चिखलात भलेभले अडकायचे, त्यातून ही पोर बापाला देवी टोचायच्या कामाला नेऊन आणायची. लग्नानंतर गाडीच उरली नाही. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणं, घर, आल्यागेल्याचं बघणं यातच वर्षं गेली. जीपची आठवण तिने कधी काढली नाही, म्हणून जयतीर्थाला वाटायचं ती विसरली.

शोलावरमचंही ती विसरेल असं त्याला वाटलं. दसरा आला तरी ती विसरली नव्हती. शिकवण्यांचे पैसे तिने बाजूला टाकले होते, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला. “जुनी गाडी बघायला लागू. हलकी पाहिजे, सुटे भाग हैदराबादला मिळतील अशी पाहिजे. आणि स्वतःच्या चाकांवर मद्रासला जाऊन परत आली पाहिजे. ट्रकवर घालून न्यायची ऐपत न्हाई आपली.”

मग दर रविवारी गाडी बघणं सुरू झालं. एका वकिलाची अँबेसेडर पाहिली. ती चांगली होती, पण चार पावलं चालवून अन्नपूर्णा उतरली, “ही लग्नाच्या वरातीला बरी.” एक जुनी मॉरिस पाहिली, तिच्या तळातून खालचा रस्ता दिसत होता. जयतीर्थाला प्रत्येक नकाराने हुश्श वाटायचं. असंच चाललं तर हिवाळा सरेल, नाव नोंदवायची मुदत जाईल, आणि कुणाला ‘नाही’ म्हणावंच लागणार नाही, असा त्याचा मनातल्या मनात हिशेब होता.

तेवढ्यात हुमनाबादची एक हेराल्ड मोटार विकायला निघाली.

ती आप्पारावांची होती. आप्पाराव तुरीचे व्यापारी, शेती हुलसूरला. हौसेने दोन दारांची लाल हेराल्ड घेतली होती. पण शेताच्या वाटेवर तिचं पोट घासायचं, आणि मागच्या सीटवर बसायला घरातल्या बायकांना पुढची सीट वाकवून, अंग चोरून आत शिरावं लागायचं. घरात त्यावरून रोज कुरबुर. त्यांनी अख्खं बॉनेट पुढे उलथून इंजिन उघडं करून दाखवलं.

“गाडी गुणाची हाय,” आप्पाराव म्हणाले. “पण एक खोड सांगून ठेवतो, बाई. जोरात वळताना मधीच वेगाचं पेडल सोडलात, न्हाईतर ब्रेक दाबलात, तर मागलं चाक पोटाखाली घ्यायला बघतीय. माझं एकदा झालं तसं. शेतात गेलो सरळ.”

“मग?” जयतीर्थाने विचारलं.

“मग काय, तूर होती शेतात. मऊ लागली.”

अन्नपूर्णा हसली. तिने सोलापूर रस्त्याला गाडी काढली, जयतीर्थ शेजारी बसला. सरळ रस्त्यावर त्याला तितकंसं भ्यायला झालं नाही. पण नाल्याजवळच्या वळणावर तिने मुद्दाम, अगदी किंचित, पेडल सोडून पाहिलं. गाडीचा मागचा भाग उचलल्यासारखा झाला, क्षणभर गाडी कुणीतरी बाजूला ओढल्यासारखं वाटलं, आणि जयतीर्थाने दोन्ही हातांनी समोरची कड धरली. तिने परत पेडल दाबलं आणि गाडी सावरली.

“कळालं,” ती स्वतःशीच म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्या डोळ्यांत एवढी चमक त्याने पाहिली नव्हती. त्याला त्या चमकेचीच जास्त भीती वाटली.

परतीच्या एसटीत ती हेराल्डबद्दलच बोलत होती. जयतीर्थाने खिडकीबाहेर बघत म्हटलं, “एवढ्यात ठरवू नकोस. नौबादला एक फियाट हाय म्हणतात.”

फियाट श्रीपतरावांची होती. श्रीपतराव रस्त्यांच्या कामावर ओव्हरसियर होते, आता निवृत्त होऊन नौबादला घर बांधून राहिले होते. राखाडी रंगाची फियाट, स्वच्छ पुसलेली, आतल्या सीटांना पांढरी खोळ. अन्नपूर्णेने ती सुरू केली, कान देऊन ऐकलं, आणि श्रीपतरावांना शेजारी बसवून चक्कर मारायला गेली. जयतीर्थ ओसरीवर थांबला. श्रीपतरावांच्या पत्नी राजूबाई चहा घेऊन आल्या.

“बाईसाठी घ्यायलेत व्हय गाडी?” त्या कौतुकाने म्हणाल्या. “घ्या, घ्या. लई सोसलंय ह्या गाडीनं. हळ्ळीखेडच्या पुलावरून खाली गेली तवा मला वाटलं, गाडी बी गेली आन् हे बी गेले. हावगेप्पानं पार पोट फाडून पुन्हा जोडली. आता बघा, कळतंय का कुठं?”

जयतीर्थाने चहाची बशी खाली ठेवली. “कधी झालं हे?”

“झाली की तीन-चार वर्सं. तवापासून हे हळूच चालवतात.” आणि त्या भाजी निवडायला बसल्या. आपण काही विशेष सांगितलं असं त्यांच्या गावीही नव्हतं.

एवढ्यात गाडी परत आली. अन्नपूर्णा उतरली ती फारशी खूश नव्हती. “इंजिन बसकं झालंय हिचं. चढावर दम लागतो हिला. बाकी सरळ चालते, वळणाला शहाणी हाय. पण शर्यतीत सगळ्यांच्या मागं राहील.”

सगळ्यांच्या मागं राहील. जयतीर्थाला ते वाक्य गोड लागलं. ही गाडी तिला वेगाने नेऊच शकणार नाही. जाईल, चार फेऱ्या मारील, शेवटची येईल, हौस फिटेल. पुलाचं सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं, पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच. “मला ही आवडली. बघ ना किती जपून ठेवलीय.”

हातातल्या फडक्याने श्रीपतराव बॉनेट पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर जयतीर्थ एकटाच हावगेप्पाच्या ग्यारेजात गेला. आपण खात्री करून घ्यायला जायलोय, असं त्याने स्वतःला बजावलं होतं. हावगेप्पा जुन्या पेठेत एका चिंचेखाली काम करायचा. मराठी, कन्नड आणि दखनी तिन्ही भाषा तो एका वाक्यात वापरायचा.

“श्रीपतराव साबची गाडी? हौदु, हो सर, मीच जोडली. पुढच्या चाकाला धरून ठेवतो ना, तो खालचा भाग दुमडला होता. कापला, दुसऱ्या गाडीचा तुकडा लावला, झाळला, वरून डांबर मारलं.”

“मजबूत हाय ना?”

“गावात चालवायला? तुमच्या पोरांना बी पुरंल.”

“आन् शर्यतीला?”

हावगेप्पाने हातातला पाना खाली ठेवला. त्याला आधी चेष्टा वाटली. मग सरांचं तोंड बघून तो गंभीर झाला. “ते मी काय सांगू, सर? तसल्या कामाला मी कधी जोडलंच न्हाई. माझा जोड तुटणार न्हाई असं मला वाटतंय. पण वाटतंय म्हणजे वाटतंयच.”

हे उत्तर घेऊन जयतीर्थ घरी आला. त्यातला ‘तुटणार न्हाई’ तेवढा त्याने घट्ट धरला आणि बाकीचं वाटेत सोडून द्यायचा प्रयत्न केला. पण सुटेना. जेवताना, वर्गात फळ्यावर पानांच्या शिरा काढताना, दाढी करताना तो डांबराखालचा तुकडा त्याच्या डोळ्यांपुढे यायचा. मग तो स्वतःची समजूत काढायचा. गाडी पळतच नाही, तर तुटेल कशी? आणि हेराल्ड? तिचं चाक तर उघडउघड पोटाखाली जातं. शेतात तूर होती म्हणून आप्पाराव वाचले. शोलावरमला कुठली तूर?

तो अन्नपूर्णेपुढे फियाटची बाजू मांडत राहिला. चार दारं आहेत. नंतर घरालाही उपयोगी पडेल. भाग कुठेही मिळतात. श्रीपतराव माणूस सज्जन आहे. अन्नपूर्णा ऐकून घ्यायची. अधूनमधून हेराल्डचं नाव काढायची, आणि त्याचा चेहरा उतरला की थांबायची.

चार-पाच दिवसांनी, पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, “फियाटच घेऊ.”

“खरंच?”

“तुम्हाला त्या हेराल्डचा धसका बसलाय, मला दिसतंय. रात्री तुम्ही कूस बदलत राहता. तुमच्या जिवाला घोर लावून मला पळायचं न्हाई. मागं राहिले तर राहिले. तुम्ही एवढं बघून-सवरून म्हणायलात, तर त्यात काही असेलच.”

तिने पोळी तव्यावर टाकली. जयतीर्थाला वाटलं, आता सांगावं. आत्ताच. पण ती इतक्या मोकळ्या मनाने बोलली होती की सांगायचं म्हणजे तिच्या हातातलं काहीतरी हिसकावून घेतल्यासारखं झालं असतं. त्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि नुसताच तोंडाला लावला.

रविवारी सकाळी दोघं नौबादला गेली. श्रीपतरावांनी कागद काढून ठेवले होते. अन्नपूर्णा म्हणाली, “अण्णा, व्यवहाराच्या आधी एकदा मी एकटी चालवून बघते. त्या दिवशी तुम्ही शेजारी होतात, मी जपून चालवली. आज कमठाण्याच्या रस्त्याला पूर्ण ताणून बघते. उतारावर किती पळते ते कळायला पाहिजे.”

श्रीपतरावांनी जयतीर्थाकडे पाहिलं. जयतीर्थाने श्रीपतरावांकडे पाहिलं. दोघांनाही जे ठाऊक होतं ते दोघांनीही गिळलं. अन्नपूर्णेने पदर खोचला, दार ओढून घेतलं आणि फियाट फाटकातून बाहेर पडली.

लाल धुरळा खाली बसला. जयतीर्थ फाटकाशी उभा राहिला. कमठाण्याचा रस्ता कसा आहे ते तो आठवू लागला: आधी सपाट, मग चिरेखाणीजवळचा लांब उतार, त्याच्या तळाशी मोरी आणि तिथेच डावीकडे वळण. उतारावर बसक्या इंजिनालाही वेग येतोच की. इतके दिवस स्वतःला दिलेला दिलासा असा एका उतारापाशी संपला. गाडी पळत नाही म्हणून तुटणार नाही. आणि उतारावर पळाली तर?

“येतील आता,” श्रीपतराव मागून म्हणाले.

जयतीर्थाने रस्त्याकडे कान लावला. कुठूनही गाडीचा आवाज येत नव्हता. एक सायकलवाला दुधाच्या किटल्या लावून त्या बाजूने आला. जयतीर्थाने त्याला अडवलं, “राखाडी गाडी दिसली का?”

“दिसली की. लई जोरात गेली, मालक. बाई चालवायली होती.”

“कुठवर?”

“खाणीपर्यंत तरी.”

मग मात्र त्याच्याने उभं राहवेना. तो चपला तशाच टाकून रस्त्याने चालू लागला, आणि थोड्या वेळाने आपण पळतोय हे त्याच्या लक्षात आलं. मागून श्रीपतराव हाका मारत होते. त्याला सारखं तेच दिसत होतं: मोरी, वळण, पुढचं चाक आडवं झालेलं, पांढऱ्या खोळी. आणि तिचं बोलणं कानात, तुम्ही एवढं बघून-सवरून म्हणायलात. राजूबाईंना कुणी विचारलं, तर त्या सगळ्यांना सांगतील, मी तर सरांना सांगितलं होतं.

कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळाशी तो वाकून धापा टाकत असताना फियाट समोरून आली. हळूच. अन्नपूर्णेने गाडी थांबवून मान बाहेर काढली.

“अहो! काय झालं? अनवाणी कुठं निघालात?”

“एवढा उशीर कामून झाला?” तो जवळजवळ ओरडला.

“मोरीवर ऊस भरलेल्या गाड्या होत्या. थांबले तिथं.” ती त्याच्याकडे निरखून बघू लागली. “उताराला सोडलीच न्हाई मी. पण त्यासाठी एवढं पळत यायचं?”

“उतर खाली,” जयतीर्थ म्हणाला. “ह्या गाडीतून आधी खाली उतर.”

ती उतरली. आणि तिथेच रस्त्याच्या कडेला त्याने सगळं सांगितलं. पूल, हावगेप्पा, कापून लावलेला तुकडा, आणि हेही की त्याला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तोवर श्रीपतराव येऊन पोचले होते. त्यांनी मान खाली घातली. “कुणी विचारलं न्हाई, म्हणून मी सांगितलं न्हाई,” ते म्हणाले. “गावात चालवायला काही भ्या न्हाई तिचं. पण सकाळी ताई म्हणाल्या पूर्ण ताणते, तवा मी बोलायला पाहिजे होतं.”

अन्नपूर्णा गाडीपुढे रस्त्यावर बसली, मग पाठीवर आडवी झाली आणि लुगड्याची पर्वा न करता पुढच्या चाकाशी आत सरकली. बराच वेळ तिचे नुसते पाय दिसत होते. बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना लाल माती लागली होती आणि बोटांना डांबर.

“जोडाच्या कडेला केसाएवढी भेग हाय,” ती शांतपणे म्हणाली. “आजची हाय का जुनी, ते कळत न्हाई. अण्णा, तुम्ही सुद्धा हावगेप्पाला पुन्हा दाखवल्याशिवाय चालवू नका.”

नौबादहून घरापर्यंत दोघं चालत आली. ती पुढे, तो मागे. घरात शिरल्यावर तिने हात घासून धुतले, तरी बोटांचा काळेपणा गेला नाही. मग ती उंबऱ्याशी बसली.

“मी शर्यतीला गेलेलं नकोय का तुम्हाला? खरं सांगा.”

“नकोय.”

“मग तसं म्हणायचं होतं.”

“म्हणालो असतो तर तू गेली नसतीस.”

“व्हय. नसते गेले. रडले असते, भांडले असते, आणि नसते गेले.” तिने आपल्या काळ्या बोटांकडे बघितलं. “पण मग काय सोडायलेय ते मला ठाऊक असतं. तुम्ही मला तुटक्या गाडीत बसवून वर माझ्याच तोंडून ‘फियाट घेऊ’ म्हणवून घेतलंत. मी तुमच्यासाठी हेराल्ड सोडली होती.”

जयतीर्थ तिच्यासमोर जमिनीवर बसला. शेवटी तोच म्हणाला, “मी अडवत न्हाई. भीती मला वाटणारच. पण ह्यापुढं जे वाटेल ते मी तोंडानं बोलेन.”

दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “उद्या हुमनाबादला जायचं. आणि एक अट हाय. जेवढे दिवस मी सराव करीन, तेवढे दिवस तुम्ही शेजारी बसायचं. घरी बसून कल्पना करायची न्हाई.”

हेराल्ड घरी आली. अन्नपूर्णेने तिच्या खाली पार निजून, प्रत्येक जोड बोटांनी चाचपून मगच ती घेतली होती. आप्पाराव तेवढा वेळ कौतुकाने बघत होते. शहराबाहेर लाल जांभ्याचा सपाट माळ होता. शाळा भरायच्या आधी दोघं तिथे जायची. चुन्याची फक्की टाकून तिने वळणं आखली. जयतीर्थ शेजारी बसून कड धरायचा. पहिल्या आठवड्यात त्याला दोनदा गाडी थांबवून उतरावं लागलं. एकदा गाडी भिंगरीसारखी फिरली आणि दोघं धुरळ्यात उलट्या दिशेला तोंड करून बसली. कुणालाच काही लागलं नाही, पण त्या दिवशी त्याने कॉलेजात रजा टाकली.

हळूहळू मात्र त्याला एक गोष्ट कळू लागली. मागचा भाग हलका होण्याच्या जरा आधी सीटमधून एक बारीक थरथर यायची. अन्नपूर्णेचं लक्ष पुढे असायचं, याचं सगळं ध्यान त्या थरथरीवर. तो म्हणायचा, “आली.” ती पेडल न सोडता चाक जरासं सरळ करायची. आणि मागचं चाक जागच्या जागी राहायचं. पुढे पुढे ‘आली’ म्हणायच्या आधीच तिचा हात वळू लागला. भीती त्याची काही कमी झाली नाही. पण आता ती कशाची आहे ते त्याला माहीत होतं.

फेब्रुवारीत हैदराबाद, नेल्लोर करत, वाटेत एकदा रेडिएटर तापल्यामुळे ताटकळत, दोघं मद्रासला पोचली. गुरुराजने हेल्मेट मिळवून ठेवलं होतं. ते तिला जरा मोठं व्हायचं, म्हणून तिने आत टॉवेलची घडी घातली. भावाची पँट आणि शर्ट घालून ती गाडीत बसली तेव्हा जयतीर्थाला ती अनोळखी वाटली. शेजारची सीट काढून टाकली होती. त्याला बसायला जागाच नव्हती.

“थरथर मीच ऐकेन,” ती म्हणाली.

झेंडा पडला. सात गाड्या एकदम सुटल्या आणि त्यातली लाल गाडी कुठली हे धुरात क्षणभर कळेना. मग ती दिसली, मधोमध. जयतीर्थाने गुरुराजचा दंड धरला होता. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. ती एका फियाटच्या मागे लागली होती. तिसऱ्या फेरीत, पिंपं आणि वाळूची पोती मांडलेल्या वळणावर, पुढची ती फियाट आडवी झाली आणि धावपट्टीच्या मधोमध थांबली.

ब्रेक दाबू नकोस. जयतीर्थाचे नुसते ओठ हलले. हेराल्ड सरळ त्या फियाटवर जायलीय असं दिसलं. लोक ओरडले. गुरुराजने डोळे मिटले, जयतीर्थाने मिटले नाहीत. लाल गाडीने वळण सोडलं, वेग न तोडता बाहेरच्या अंगाला गेली, एक पिंप उडवलं, गवतात शिरली. मागचा भाग उचलला. खाली बसला. गवत आणि माती उधळत ती लांबवर जाऊन पुन्हा पट्टीवर आली, तोवर दोन गाड्या पुढे निघून गेल्या होत्या.

ती चौथी आली.

गाडी येऊन थांबली तरी ती उतरेना. जयतीर्थ दोरीखालून पळत गेला. दाराचा पत्रा पिंपामुळे चेपला होता. त्याने दोन्ही हातांनी ओढला तेव्हा दार उघडलं. त्यानेच तिचं हेल्मेट काढलं. चेहरा घामाने आणि धुळीने चिकट झाला होता आणि हात चाकावरून सुटत नव्हते. त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली.

“मी पेडल सोडणार होते,” ती म्हणाली. “त्या बाईची गाडी पुढं बघून पाय उचललाच होता. अर्धा.” ती थांबली. “लई भ्याले हो मी. जीपवर असताना कधी भ्याले न्हाई. आज भ्याले.”

एक जण वही घेऊन आला आणि इंग्रजीत विचारू लागला, पुढच्या वर्षी बाई उतरणार का, आत्ताच नाव घालून ठेवायचं का. अन्नपूर्णेने जयतीर्थाकडे पाहिलं.

“मला विचारशील तर नको,” तो म्हणाला. “मघाची भीती अजून गेली न्हाई माझी. पण ठरवायचं तू.”

तिने बराच वेळ त्या वळणाकडे बघितलं. तिथे माणसं उडालेलं पिंप उचलून पुन्हा जागेवर ठेवत होती.

“आत्ता न्हाई सांगत,” ती त्या माणसाला म्हणाली. मग पाय बाहेर काढून गाडीच्या दाराच्या कडेवरच बसली. गुरुराजने दहीभाताचा डबा आणला होता. तिघांनी बॉनेटवर कागद पसरून तो खाल्ला; खाली इंजिन तापलेलं होतं, भात कोमट लागत होता, आणि अन्नपूर्णा दर घासामागे गुरुराजला विचारत होती की, त्या फियाटवाल्या बाईला कुठं लागलं तर न्हाई ना.